दुपारी तापणारा प्रोसेसर

"ताई, परत बंद पडलं," सायली फोनवर म्हणाली. "मी आत्ता घरी आले. स्क्रीन काळी. दुपारपासून एक फ्रेम पुढे सरकलेली नाही."

मी तेव्हा दुकानात दुसऱ्याच एका मशीनचं पोट उघडून बसले होते. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. सायलीचं मशीन आम्हीच बनवून दिलेलं होतं, एकदा दुकानात आणून तपासून परतही पाठवलं होतं. तरी ते बंद पडत होतं, आणि पडायचं ते भर दुपारी.

मी घाटकोपरच्या एका दुकानात सर्व्हिस सांभाळते. आम्ही गिऱ्हाइकाच्या कामाप्रमाणे कंप्युटर जुळवून देतो. गेमिंगवाले येतात, व्हिडिओ एडिटिंगवाले येतात, शेअर बाजारवाले येतात. प्रत्येकाला सगळ्यात फास्ट मशीन हवं असतं आणि प्रत्येकाला ते काल हवं असतं. दुकानाचे मालक जिग्नेशभाई विकतात आणि मी निस्तरते, अशी आमची कामाची वाटणी आहे.

सायली परब मुलुंडला आईबरोबर राहते. अंधेरीच्या एका स्टुडिओत ती थ्रीडीचं काम करायची. म्हणजे न बांधलेली बिल्डिंग बांधल्यासारखी दाखवायची. गेटमधून आत शिरा, लॉबी बघा, लिफ्टने वर जा, बाल्कनीत उभे राहा, अशी फिल्म. नोकरी सोडून तिने स्वतःचं सुरू केलं होतं आणि पहिलंच मोठं काम हातात होतं. एका आर्किटेक्टने एका सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचा प्लॅन केला होता आणि रविवारी सभासदांच्या मीटिंगमध्ये त्याची फिल्म दाखवायची होती.

"रविवारी फिल्म नसेल," सायली म्हणाली, "तर आर्किटेक्ट मला परत विचारणार नाही. आणि सोमवारी मला जुन्या सरांसमोर जाऊन उभं राहावं लागेल. त्यांनी माझी खुर्ची अजून रिकामी ठेवलीय. मुद्दाम ठेवलीय, ताई. त्यांना खात्री आहे की मी परत येणार."

हे ऐकल्यावर मला त्या सरांचा राग आला, न बघताच. "नाही जायचं तू," मी म्हणाले. "मशीन चालेल." चालेल कसं ते मला ठाऊक नव्हतं, पण तोंडातून शब्द गेला होता.

आता थोडं तांत्रिक सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रोसेसर म्हणजे कंप्युटरचा मेंदू. कंपनी त्याला एक वेग ठरवून देते. त्या वेगाच्या वर त्याला पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. जास्त पळवायचं तर जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, आणि जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त उष्णता. गॅस मोठा केला की दूध लवकर तापतं आणि उतूही जातं, तसंच. एरवी नुसता बसलेला प्रोसेसर चाळीस-पंचेचाळीस डिग्रीवर असतो. कामाला लागला की चढतो. तासन्‌तास पूर्ण जोर लावून ऐंशीच्या आसपास राहिला तर मी निश्चिंत असते. पंच्याऐंशीच्या वर मी लक्ष ठेवते. नव्वदच्या वर तासन्‌तास गेला की मला चैन पडत नाही. शंभरच्या जवळ तो स्वतःच घाबरतो आणि वेग कमी करतो, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर जीव वाचवण्यासाठी अख्खं मशीन बंद करतो. हल्लीचे काही प्रोसेसर पंचाण्णवपर्यंत आरामात चालतात असं कंपन्याच सांगतात. सांगू देत. ते ज्या खोलीत तपासतात तिथे ऑक्टोबर हीट नसते.

सायलीला ओव्हरक्लॉकिंग हवं होतं, कारण तिचं सगळं काम रेंडरिंगचं. रेंडरिंग म्हणजे फिल्ममधलं एकेक चित्र, म्हणजे फ्रेम, कंप्युटरने स्वतः रंगवायचं. एका चित्राला काही मिनिटं, आणि चित्रं हजारो. सकाळी काम लावून ती अंधेरीला आर्किटेक्टकडे दुरुस्त्या घ्यायला जायची आणि मशीन दिवसभर घरी रंगवत बसायचं. वेग थोडा वाढला तरी आठवड्यात मोठा फरक पडणार होता. म्हणून मी मोठा लिक्विड कूलर बसवला, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पाण्याने उचलून वरच्या जाळीतून बाहेर फेकणारा. वेग बेताने वाढवला, आणि एक दिवस-रात्र पूर्ण जोराने चालवून बघितलं. तापमान ब्याऐंशीच्या वर गेलं नाही. मग दुकानातूनच डिलिव्हरी दिली.

आणि आता हे.

"गिऱ्हाइकाने सेटिंगला हात लावला असणार," जिग्नेशभाई म्हणाले. "यूट्यूब बघतात आणि व्होल्टेज वाढवतात. मग आपल्या डोक्यावर."

"मी बघितलं ना सगळं. काही बदललेलं नाही."

"मग कूलर बदलून दे. नवीन लाव, विषय संपव."

"आणि नवीन लावून परत बंद पडलं तर?"

"तर ओव्हरक्लॉक काढ आणि सांग, मॅडम, हेच मिळेल."

"कूलर चांगला आहे, जिग्नेशभाई. चांगली वस्तू काढून दुसरी चांगली वस्तू लावायची याला रिपेअर म्हणत नाहीत."

"वैशाली, तू फार डोकं खातेस," असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले. म्हणजे परवानगी मिळाली, असं मी धरून चालते.

मशीन आधी दुकानात आणलं होतं तेव्हा मी सगळं केलं होतं. कूलर काढून थर्मल पेस्ट नव्याने लावली. प्रोसेसर आणि कूलर यांच्यात हवेची फट राहू नये म्हणून ही पेस्ट लावतात, आणि ती नीट बसली नाही तर तापमान वाढतं. पंप तपासला, पंखे तपासले. दुकानातला एसी बंद ठेवून, घाम पुसत, अख्खा दिवस चालवलं. ब्याऐंशी. एकदा चौऱ्याऐंशी झालं तेव्हा मला उलट आनंद झाला की काहीतरी सापडतंय. पण ते तिथेच थांबलं. दुकानात मशीन गुणी आणि मुलुंडला गेलं की तापट.

मी एक करायचं ठरवलं. सायलीच्या परवानगीने तिच्या मशीनचं तापमान माझ्या दुकानातल्या स्क्रीनवर दिसेल अशी सोय केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काम लावून निघाली आणि मी इथे कोपऱ्यात तो आकडा उघडा ठेवून माझ्या कामाला लागले. एक्याऐंशी. ब्याऐंशी. एक्याऐंशी. मी चहा घेतला. ब्याऐंशी. एखाद्या शहाण्या मुलासारखं चाललं होतं.

मग अकराच्या सुमाराला तो आकडा चढायला लागला. शहाऐंशी, एकोणनव्वद, त्र्याण्णव. मी खुर्ची ओढून समोर बसले. सत्त्याण्णव. वेगाचा आकडा खाली आला, म्हणजे थ्रॉटलिंग सुरू झालं होतं. मी सायलीला फोन लावला. ती आर्किटेक्टसमोर बसलेली. कुजबुजत म्हणाली, "आईला करा," आणि नंबर पाठवला.

परब काकूंशी मी पहिल्यांदाच बोलत होते. त्या मूळच्या कणकवलीकडच्या. यजमान गिरणीत होते. पुढे गिरणी गेली, तेही गेले, आणि या दोघी राहिल्या. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी एवढंच विचारलं, "काकू, मी सायलीच्या कंप्युटरवाली वैशाली. जरा मशीनजवळ जाता का? वरून हात लावून बघता, गरम आहे का?"

"थांब हां, बघतंय." पावलांचा आवाज. कसलीतरी सळसळ. "गरम असा गो. पण तसा काय नाय. मस्त चालता."

"पंखे फिरतायत?"

"फिरतत. दिवे पण लागतत."

आणि माझ्या डोळ्यांसमोर आकडा उतरायला लागला. त्र्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. काकू तेवढ्यात मला चहा झाला का, जेवण काय, डबा कोण देतं, हे विचारत होत्या. मी उत्तरं देत होते आणि आकडा बघत होते. फोन ठेवला तेव्हा ब्याऐंशी.

अर्ध्या तासात परत चढला. मी परत फोन केला. काकू परत मशीनजवळ गेल्या आणि आकडा परत उतरला.

तिसऱ्यांदा हेच झालं तेव्हा जिग्नेशभाई माझ्या मागे उभे राहून बघत होते. "तुझ्या आवाजात एसी आहे काय?" ते म्हणाले. "दिवसभर फोन चालू ठेव. कूलरचा खर्च वाचेल."

मला हसू आलं नाही. मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला चमत्कार आवडत नाहीत. फोनने प्रोसेसर थंड होत नाही. म्हणजे फोन आला की त्या घरात काहीतरी होत होतं, आणि फोन ठेवला की ते परत उलटं होत होतं. एवढं मला कळलं. ते काय, हे घाटकोपरला बसून कळणार नव्हतं. फोनवर विचारण्यातही अर्थ नव्हता, कारण काकूंच्या मते सगळं मस्त चाललं होतं. मी बॅग उचलली.

"त्यांना न सांगता जातेस?" जिग्नेशभाईंनी विचारलं.

"सांगून गेले तर काही दिसणार नाही."

रिक्षाने एलबीएस रोडवरून मुलुंडला पोचले. सायलीची बिल्डिंग जुनी, तीन मजली. शेजारची बिल्डिंग पाडायचं काम चाललेलं. मुलुंडमध्ये हल्ली हे प्रत्येक गल्लीत असतं, एक उभी आणि एक पडत असलेली. हिरव्या जाळीमागे भिंती फोडणारा ब्रेकर धडधडत होता आणि धुळीचा लोट थेट यांच्या खिडक्यांवर येत होता. जिन्याचा कठडासुद्धा पांढरा झाला होता. मी बेल वाजवली.

दार लगेच उघडलं नाही. आतून "इलंय, इलंय" असा आवाज आला आणि काहीतरी हलवल्याचा. मग दार उघडलं.

"अगो, तू ती फोनवाली? ये, ये. बस. चाय ठेवतंय."

मी चपला काढल्या आणि सरळ मशीनकडे गेले. हॉलच्या कोपऱ्यात, सायलीच्या टेबलावर. अगदी व्यवस्थित. भिंतीपासून लांब, मागे जागा, आजूबाजूला काही नाही. जसं मी सांगितलं होतं तसं. खिडक्या घट्ट बंद, त्यामुळे खोली गरम होती, पण खोलीच्या गरमीने एवढा फरक पडत नाही. खोली पाच डिग्री तापली तर प्रोसेसर साधारण तेवढाच तापतो, पंधरा नाही. मी कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर हात धरला. भट्टीसारखी हवा येत होती. मोबाइलवर आकडा बघितला. एक्क्याण्णव, आणि उतरत होता. म्हणजे आत्ताआत्तापर्यंत तो वर होता, आणि मी दारात आल्यावर उतरायला लागला होता.

मी खोलीभर बघितलं. एव्हाना मला स्वतःचीच चीड यायला लागली होती. टीव्हीवर कव्हर होतं, काठाला लेस लावलेलं. ओट्यावर मिक्सरला कव्हर. शिलाई मशीनला कव्हर. फ्रिजच्या हँडललासुद्धा छोटं, फुलाफुलांचं. टापटीप घर. धुळीच्या तोंडावर असूनही एक कण दिसत नव्हता. मी बसायला टेबलासमोरची खुर्ची ओढली. खुर्चीवर घडी केलेलं जाड कापड होतं. ते बाजूला ठेवायला उचललं, आणि हातात तसंच धरून राहिले.

कापड गरम होतं. इस्त्रीखालून नुकतं काढल्यासारखं.

मी घडी उलगडली. दोन पदरी सुती साडी, मध्ये जुन्या चादरीचा थर, बारीक टीप मारलेली. पुढून आणि वरून बंद, मागून उघडं. आणि एका बाजूला, जिथे कॅबिनेटची काच येते, तिथे चौकोन कापून पारदर्शक प्लास्टिक शिवलेलं. आतले दिवे दिसावेत म्हणून. माप इतकं अचूक होतं की मी स्वतः घेतलं असतं तरी एवढं बसलं नसतं.

काकू चहा घेऊन आल्या. माझ्या हातात ते बघून थोड्या लाजल्या. "मीच शिवलंय," त्या म्हणाल्या.

"हे रोज घालता?"

"होय तर. बाजूची बिल्डिंग तोडूक लागले की घालतंय. धूळ किती येता बघतंस ना? खिडकी बंद केली तरी मेली खयसून येता. माझ्या चेडवान नोकरी सोडल्यान ती हेच्याच जीवावर ना? हेका काय झाला तर?"

"आणि आत्ता काढलंत कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं. "माणसा येतत तेव्हा काढूक नको?"

मी खुर्चीवर बसले. खरंच की. आमच्या घरीसुद्धा, गोवंडीला, पाहुणे आले की आई आधी सोफ्यावरची जुनी चादर ओढून काढायची आणि मग दार उघडायची. कव्हर हे घरातल्यांसाठी, वस्तू ही पाहुण्यांसाठी. सायली घरी असली की ती मशीनवर काम करत असायची, तेव्हा कव्हर काढलेलं. मी फोन केला की हात लावून बघण्यासाठी काढलेलं, आणि गप्पा होईपर्यंत तसंच. मी बेल वाजवली की काढलेलं. फक्त मशीन एकटं, पूर्ण जोर लावून काम करत असायचं तेव्हा ते घातलेलं. ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरला भर ऑक्टोबरमध्ये गोधडी!

"काकू," मी म्हणाले, "याच्यामुळेच ते बंद पडतंय."

त्यांना आधी कळलं नाही. मग मी त्यांचा हात धरून समोरच्या जाळीजवळ नेला, जिथून हवा आत जाते. मग वरच्या जाळीजवळ, जिथून गरम हवा बाहेर पडते. त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"माका वाटला हवा मागसून जाता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फ्रिजासारखी. म्हणान मागसून उघडा ठेवलंय."

हे मला फार लागलं. त्यांनी विचार केला होता. हवेचा विचार केला होता, दिव्यांचा केला होता, धुळीचा केला होता. चुकलं ते एवढंच की हवा कुठून येते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"तिका सांगू नको हां," काकू म्हणाल्या. "तिका रात्री रडताना बघितलंय मी. माझ्याचमुळे झाला म्हटल्यान तर..."

मी कबूल झाले नाही. मला कबूल व्हावंसं वाटत होतं, पण गिऱ्हाइकाला खरं कारण न सांगता मी आजवर मशीन परत दिलेलं नाही. "सांगावं तर लागेल," मी म्हणाले, "पण मी सांगेन. तुम्ही नाही."

माझा फोन गेल्यावर सायली तासाभराने धापा टाकत आली. तिने आल्या आल्या मोबाइल समोर धरला. "ब्याऐंशी दाखवतंय! काय केलंत, ताई?"

मी कव्हर दाखवलं आणि सांगितलं. तिला कव्हर माहीत होतं, पण आई ते चालू मशीनवर घालत असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती भडकली.

"आई! वाट लागली असती माझी! चार दिवस मी या लोकांशी भांडतेय, मशीन खराब दिलं म्हणून. तुला कोणी सांगितलं होतं गं?"

काकू ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"तू सांगितलं होतंस?" मी सायलीला विचारलं.

"काय?"

"हवा कुठून आत जाते, कुठून बाहेर पडते. काय झाकायचं नाही. मी डिलिव्हरी दिली तेव्हा तुला सगळं समजावलं. तू आईला समजावलंस का?"

"आई कशाला... ती कधी कंप्युटरला हातपण लावत नाही."

"तू दिवसभर अंधेरीला. मशीनपाशी दिवसभर कोण असतं?"

सायली आईजवळ जाऊन उभी राहिली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, शेजारचा ब्रेकर परत सुरू झाला होता. पण काकूंनी तिच्या पाठीवर एक धपाटा घातला, तेव्हा मी समजले की मिटलं.

पण काम मिटलं नव्हतं. शिल्लक चित्रांचा हिशेब केला तर गेल्या चार दिवसांच्या वेगाने, एकदाही न थांबता, रविवारी सकाळपर्यंत जेमतेम होणार होतं. सायलीच्या डोळ्यांत मला ओळखीची चमक दिसली.

"ताई, आता कारण सापडलं ना? मग क्लॉक अजून वाढवा. थोडंसं. तापमानाला जागा आहे."

"नाही."

"अजून आठ डिग्री आहेत, तुम्हीच म्हणता नव्वदपर्यंत—"

"मी कमी करणार आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मशीन माझं आहे, ताई."

"मशीन तुझं, पण जबाबदारी माझी. ऐक. खिडक्या बंदच राहणार, कारण धूळ आहे. खोली तापणार. वेग वाढवला तर शंभरात दोन-तीन चित्रं जास्त मिळतील. आणि एकदा बंद पडलं की तू अंधेरीहून येईपर्यंतची अख्खी दुपार गेली. पी हळद आणि हो गोरी, असं इथे होत नाही. एक पायरी खाली चालव आणि थांबू देऊ नकोस."

"आणि नाही झालं तर?"

"झालं नाही तर मी सोमवारी तुझ्याबरोबर त्या सरांकडे येईन आणि सांगेन की चूक माझी होती."

ती नाखुशीने बाजूला झाली. मी व्होल्टेज थोडं उतरवलं, वेग एक पायरी खाली घेतला. समोरच्या जाळीवर धूळ अडवणारी बारीक जाळी चिकटवली, जी लोहचुंबकाने लागते आणि काढून धुता येते. ती कशी काढायची, कशी धुवायची, हे मी सायलीला नाही, काकूंना दाखवलं. मग काकूंच्याच मोबाइलवर तापमानाचा आकडा दिसेल असं करून दिलं. "हा पंच्याऐंशीच्या वर गेला तर मला फोन करा," मी सांगितलं. "नुसतं काही चुकतंय असं वाटलं तरी करा."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच फोन आला.

"गो, अठ्ठ्याहत्तर झाला!"

"चालेल, काकू."

थोड्या वेळाने, "एकोणऐंशी!"

"चालेल."

"माणसाक शंभर झालो की आम्ही डॉक्टराकडे नेतंव. हेका ऐंशी म्हणजे?"

"माणसाचं माप वेगळं, काकू. याच्या मापाने माणसाचा शंभर म्हणजे अडतीससुद्धा होत नाही. याला ऐंशी म्हणजे घाम गाळून काम करतोय, एवढंच. ताप नाही."

"मगे ठीक." आणि मग, "तू जेवलंस?"

जिग्नेशभाईंनी त्या दिवशी मला नवीन नाव दिलं, ताप डॉक्टर. मी ते ऐकून घेतलं. फोन येत राहिले आणि मी प्रत्येक उचलला. खोली फारच तापली तेव्हा काकूंनी स्वतःच्या अकलेने ओल्या चादरी खिडकीला बांधल्या, धूळही अडली आणि खिडकी थोडी उघडताही आली. हे मला सुचलं नव्हतं. आकडा शहात्तरवर आला तेव्हा त्यांनी तो मला इतक्या जोरात सांगितला की दुकानातल्या गिऱ्हाइकांनी वळून बघितलं.

मशीन एकदाही थांबलं नाही. शेवटचं चित्र शनिवारी दिवेलागणीला पूर्ण झालं, मी धरलं होतं त्याच्या बरंच आधी. मी केलेला हिशेब गोधडीखालच्या थ्रॉटलिंग झालेल्या वेगावरून होता. वेग कमी करून ते आधीपेक्षा जास्त चाललं होतं. सायलीने फोन केला तेव्हा मागून काकूंचाच आवाज येत होता, "सांग तिका, त्र्याहत्तरावर संपला!"

रविवारी फिल्म दाखवली. बाग, लॉबी, बाल्कनीतला संध्याकाळचा उजेड, ज्यावर सायलीने जीव ओतला होता, ते सगळं सभासदांनी शांतपणे बघितलं, आणि नंतर सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारला की पार्किंग किती. आर्किटेक्ट मात्र खूश होता. त्याने तिथेच तिला पुढच्या सोसायटीचं काम दिलं. सोमवारी ती अंधेरीला गेली, पण त्या सरांना एवढंच सांगायला की खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या.

जिग्नेशभाईंनी विचारलं, "शेवटी काय होतं प्रॉब्लेम? रजिस्टरला काय लिहू?" मी म्हणाले, "एअरफ्लो." खोटं नव्हतं.

तेव्हापासून डिलिव्हरीची माझी एक सवय बदलली. आता मशीन लावायला मी स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जाते. व्होल्टेज किती, वेग किती, कोणत्या आकड्याला घाबरायचं, हे मी गिऱ्हाइकाला समजावते, ते होतंच. पण त्याआधी विचारते, "घरी दिवसभर कोण असतं?" पुष्कळांना हा प्रश्न आवडत नाही. "मॅडम, कंप्युटर मीच वापरणार आहे," असं चिडून म्हणतात. मी म्हणते, माहीत आहे, तरी त्यांना बोलवा. मग आतून कोणाची आई, कोणाची सासू, कोणाचे आजोबा हात पुसत येतात, आणि दारातच थांबतात, कारण या वस्तूबद्दल त्यांना कोणी काही सांगेल असं त्यांना वाटलेलं नसतं. मी त्यांना खुर्ची देते आणि पहिल्यापासून सगळं सांगते. याला अर्धा तास जास्त लागतो. जिग्नेशभाई कुरकुर करतात, आणि मी तो अर्धा तास घेते.